मुलाखतीच्या टेबलाच्या दोन बाजू

(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त नाशिक येथे भरलेल्या विद्यार्थी-पालक मेळाव्यातील व्याख्यानाचे शब्दांकन)



न्यासाच्या ५० वर्षांच्या वाटचालीचा आज गौरव होत असताना या व्यासपीठावरून दोन शब्द बोलण्याचा मान आपण मला दिलात, याबद्दल मी विश्वस्तांचा ऋणी आहे. अध्यक्ष महोदयांनी मला विषय सुचवला होता, ‘यशस्वी मुलाखतीचे मंत्र’. मी त्यांची क्षमा मागून तो थोडा बदलून घेतला. सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतीत माझी नोकरीची सारी वर्षे गेली. त्यांतील निम्म्याहून अधिक काळ नव्या अभियंत्यांच्या मुलाखती घेण्याचे काम माझ्याकडे होते. इतक्या वर्षांत असा एकही मंत्र माझ्या हाती लागला नाही. जे हाती लागले ते निराळे आहे, आणि त्यातील काही भाग माझ्यासाठी फारसा भूषणावह नाही. तो आज आपल्यापुढे मांडावा, असे मनात आहे.

प्रारंभ आपल्याच वसतिगृहातील एका प्रसंगाने करतो. काही वर्षांपूर्वी येथील दोन विद्यार्थी एकाच दिवशी पुण्याच्या एका तंत्रज्ञान कंपनीत मुलाखतीला गेले. कंपनीचे नाव घेण्याचे कारण नाही. दोघे एकाच महाविद्यालयाचे, एकाच विद्युत शाखेचे, एकाच खोलीत राहणारे. पहाटेच्या एस.टी.ने दोघे बरोबर निघाले. दोघांच्या पायांत नवे बूट होते आणि दोघांच्या फाइलींत गुणपत्रिका सारख्याच क्रमाने लावलेल्या होत्या. कंपनीत पोहोचल्यावर एकाला डावीकडच्या खोलीत बोलावले, दुसऱ्याला उजवीकडच्या.

डावीकडच्या खोलीतील गृहस्थांनी पहिल्याला विचारले, “वडील काय करतात?” तो म्हणाला, “निफाडला मोटार रिवाइंडिंगचे दुकान आहे.” त्यावर त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि विचारले, “जळालेली मोटार दुकानात आली, तर ती कशाने जळाली हे तुम्ही कसे ओळखता?” मुलाला जणू घरच्या अंगणात उभे केल्यासारखे झाले. तो सांगू लागला. वाइंडिंग उघडून पाहायचे. तिन्ही फेजच्या गुंडाळ्या सारख्या काळवंडल्या असतील, तर बहुधा मोटारीवर भार जास्त पडला. स्टार जोडणीच्या मोटारीत दोन फेज जळाले आणि एक शाबूत राहिला असेल, तर लाइनचा एक फेज गेला असताना पंप तसाच चालू राहिला. डेल्टा जोडणी असेल, तर अशा वेळी एकच फेज जळतो. पुढे वीस-पंचवीस मिनिटे दोघांची मोटारींवर चर्चा रंगली. मुलगा निवडला गेला.

उजवीकडच्या खोलीत काय घडले? दुसरा मुलगा वर्गात नेहमी पहिल्या तिघांत असे. कांद्याच्या चाळीतील तापमान आणि आर्द्रता मोजून पंखा आपोआप चालू-बंद करणारे एक छोटे यंत्र त्याने स्वतःच्या हाताने बनवले होते, आणि मामांच्या चाळीत ते दोन हंगाम चालले होते. समोरच्या गृहस्थांची नजर संगणकाच्या पडद्यावरून फारशी हलली नाही. त्यांनी इंग्रजीत तीन व्याख्या विचारल्या. दोन बरोबर आल्या, तिसरीला तो अडखळला. मग प्रश्न आला, “शिक्षणात एका वर्षाचा खंड का आहे?” त्या वर्षी त्याच्या वडिलांचे आजारपण झाले होते आणि घरचा सगळा भार या मुलाने वाहिला होता. ते सारे इंग्रजीत कसे सांगावे, हे त्याला त्या क्षणी सुचेना. तो गप्प राहिला. आठ मिनिटांत तो बाहेर आला. चाळीच्या यंत्राचा उल्लेख त्याच्या अर्जात होता, परंतु त्याविषयी कोणी विचारले नाही.

रात्री दोघे परतले. एकाच खोलीत एकाच्या घरून अभिनंदनाचे फोन येत होते आणि दुसरा भिंतीकडे तोंड करून पडला होता. दुसऱ्या दिवशी त्याने मला जो प्रश्न केला, तोच आजचा माझा विषय आहे. तो म्हणाला, “काका, मी उजवीकडच्या खोलीऐवजी डावीकडे गेलो असतो तर?”

मी दोघांनाही ओळखत होतो. त्याला धीर देण्यासाठी काहीतरी गोड बोलणे सोपे होते. पण प्रामाणिक उत्तर एकच होते. बहुधा तोही निवडला गेला असता.

मित्रहो, आपल्या या नाशिकशी जोडलेला एक जुना दाखला येथे आठवतो. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या हे नाव आपण सर्व जण आदराने घेतो. १८८३ साली ते पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातून अभियांत्रिकीच्या परीक्षेत पहिले आले. त्या क्रमांकाच्या बळावर मुंबई सरकारच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात साहाय्यक अभियंता म्हणून त्यांची नेमणूक झाली, आणि १८८४ साली नोकरीच्या आरंभी ते नाशिकला रुजू झाले. पुढे खानदेशात धुळ्याकडे त्यांनी पाण्याची कामे केली. त्या काळी अभियंते मोजके होते. परीक्षेतील क्रमांक हीच निवडीची कसोटी होती. समोरच्याचा मूड, त्याची भाषा, त्याचे घड्याळ यांचा त्या निवडीशी फारसा संबंध नव्हता.

आज चित्र पालटले आहे. एका जागेसाठी शेकडो अर्ज येतात, सर्वांच्या हाती जवळजवळ सारखीच पदवी असते, आणि म्हणून मुलाखत अटळ झाली आहे. केवळ गुणांवर निवड करावी, असेही मी म्हणणार नाही. कारण पाठांतराने मिळवलेले गुण यंत्रासमोर किती उपयोगी पडतात, हे मी पुष्कळ पाहिले आहे. मुलाखत हवीच. परंतु मुलाखतीच्या निकालाला आपण जे अंतिम सत्याचे स्थान देतो, ते मात्र तपासून पाहिले पाहिजे. त्यासाठी काही थोरांचे अनुभव आठवू या.

१९७४ सालची गोष्ट. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत सुधा कुलकर्णी नावाची एक विद्यार्थिनी संगणकशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेत होती. टेल्को कंपनीची अभियंत्यांसाठीची एक जाहिरात तिच्या पाहण्यात आली. स्त्रियांनी अर्ज करू नयेत, अशी तळटीप त्या जाहिरातीत होती. तिने थेट जे.आर.डी. टाटा यांना पोस्टकार्ड लिहून आपला निषेध कळवला. थोड्याच दिवसांत तार आली की पुण्याला मुलाखतीस यावे, जाण्यायेण्याचा खर्च कंपनी करील. पिंपरीच्या कार्यालयात सहा जणांचे मंडळ समोर बसले होते. ही मुलाखत तांत्रिक असेल अशी आशा आहे, असे तिने प्रारंभीच सांगितले. प्रश्न तांत्रिक विचारले गेले आणि तिने सर्वांची उत्तरे दिली. त्यानंतर मंडळातील एका वयस्कर गृहस्थांनी कंपनीची अडचण मोकळेपणाने सांगितली. कारखान्याच्या कामावर आजवर एकही स्त्री नव्हती. त्यावर तिचे म्हणणे असे की, कोठून तरी सुरुवात करावीच लागेल. तिची निवड झाली आणि टेल्कोच्या कारखान्यात काम करणारी ती पहिली स्त्री अभियंता ठरली. याच सुधा मूर्ती. त्यांनी हा प्रसंग स्वतः लिहून ठेवला असल्याने तो बहुतेकांना ठाऊक आहे.

हा प्रसंग सांगताना आपण नेहमी पोस्टकार्डाचे कौतुक करतो, आणि ते योग्यच आहे. माझे लक्ष मात्र त्या सहा जणांकडे जाते. जिला बोलावण्याचा कंपनीचा मूळ विचारच नव्हता, तिला त्यांनी प्रवासखर्च दिला, विषयातले प्रश्न विचारले, उत्तरे ऐकली आणि आपली शंका तिच्या पाठीमागे न बोलता तिच्यासमोर बोलून दाखवली. त्यामुळे त्या शंकेचे उत्तर देण्याची संधी तिला मिळाली. आपल्या दुसऱ्या मुलाला नेमकी हीच संधी मिळाली नव्हती.

आता याच घरातील दुसरा अनुभव पाहा. सुधाताईंचे पती नारायण मूर्ती यांनी तरुणपणी विप्रो कंपनीत नोकरीसाठी अर्ज केला होता आणि तेथे त्यांना नकार मिळाला होता. तुम्हाला नोकरी न देणे ही आपली एक मोठी चूक होती, असे अझीम प्रेमजी यांनी पुढे आपल्याला सांगितल्याचे मूर्तींनी २०२४ सालच्या एका दूरचित्रवाणी मुलाखतीत सांगितले. म्हणजे एकाच दांपत्यापैकी एकाला जेथे दार बंद असल्याची पाटी होती तेथे प्रवेश मिळाला, आणि दुसऱ्याला जेथे दार उघडे होते तेथून परतावे लागले. पुढे मूर्ती पाटणी कॉम्प्युटर सिस्टिम्समध्ये अधिकारी झाले आणि टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसले. १९७८ साली आय.आय.टी. मुंबईतून विद्युत अभियांत्रिकीची पदवी घेतलेला एक तरुण त्यांच्यापुढे मुलाखतीला आला. मूर्तींनी त्याची निवड केली. त्या तरुणाचे नाव नंदन नीलेकणी. १९८१ साली पुण्यात सात सहकाऱ्यांनी इन्फोसिसची स्थापना केली, त्या सातांत हे दोघेही होते. स्वतः नाकारला गेलेला माणूस दुसऱ्याला पारखू शकतो, हे या हकिकतीत मला फार मोलाचे वाटते.

परदेशातही याहून वेगळे घडत नाही. ब्रायन अ‍ॅक्टन या अनुभवी संगणक अभियंत्याला २००९ साली ट्विटर आणि फेसबुक या दोन्ही कंपन्यांनी नाकारले. त्याच वर्षी तो व्हॉट्सअ‍ॅपच्या उभारणीत सहभागी झाला, आणि २०१४ साली फेसबुकनेच व्हॉट्सअ‍ॅप विकत घेण्याचा सुमारे १९ अब्ज डॉलरचा व्यवहार जाहीर केला.

तिसरा दाखला डॉ. ए.पी.जे. अब्दुल कलाम यांचा. त्यांच्या आत्मचरित्रात तीन मुलाखती आहेत आणि तीनही एकमेकींहून निराळ्या आहेत. शिक्षण पूर्ण झाल्यावर दिल्लीला संरक्षण मंत्रालयाच्या तांत्रिक विभागात त्यांची मुलाखत झाली. प्रश्न नेहमीच्या साच्याचे होते, त्यांत त्यांच्या ज्ञानाचा कस लागला नाही. डेहराडूनला वायुदलाची निवड झाली, तेथे बुद्धीपेक्षा व्यक्तिमत्त्वावर भर होता. २५ उमेदवारांत कलाम नववे आले आणि जागा होत्या आठ. वैमानिक होण्याचे त्यांचे स्वप्न तेथे संपले, आणि जी मुलाखत त्यांना साधी वाटली होती त्या दिल्लीच्या नोकरीवर ते १९५८ साली रुजू झाले. पुढे काही वर्षांनी मुंबईत डॉ. विक्रम साराभाई यांच्यासमोर ते अग्निबाण अभियंत्याच्या पदासाठी बसले. साराभाईंच्या वागण्यातील आपलेपणाने त्यांचा ताण उतरला. आपल्याला आज काय येते एवढ्यापुरते साराभाईंचे प्रश्न नव्हते, आपण पुढे काय होऊ शकू याचा ते शोध घेत होते, असे कलामांनी नोंदवले आहे.

उमेदवार तोच. एका मंडळाला तो नववा दिसला, दुसऱ्याला पुरेसा दिसला, तिसऱ्याला त्याच्यात भावी शास्त्रज्ञ दिसला. प्रत्येकाने एक बाजू पाहिली. आपल्या परंपरेने अनेकांताचा जो विचार दिला, त्याची आठवण अशा वेळी झाल्याखेरीज राहत नाही.

आता मी माझ्याविषयी बोलतो. हे बोलणे मला अवघड आहे.

नव्वदच्या दशकात, मी ज्या कारखान्यात होतो तेथे देखभाल विभागासाठी एक कनिष्ठ अभियंता घ्यायचा होता. मुलाखतींचा दिवस होता. सायंकाळ झाली होती आणि मला घरी एका कार्याला पोहोचायचे होते. शेवटचा उमेदवार पेठ तालुक्यातील एका पाड्यावरचा होता. पदविकाधारक, अंगाने किरकोळ, शर्ट धुऊन घडी घातलेला पण इस्त्री नसलेला. मी त्याला इंडक्शन मोटारीतील स्लिपची व्याख्या विचारली. तो काही वेळ गप्प राहिला, मग हाताने हवेत काहीतरी फिरवून दाखवू लागला. मी त्याला मध्येच थांबवले. आणखी एक व्याख्या विचारली. पुन्हा तेच. दहा मिनिटांच्या आत मी त्याला निरोप दिला आणि अभिप्रायाच्या रकान्यात लिहिले, ‘आत्मविश्वासाचा अभाव’.

सहा-सात वर्षे गेली. एका मे महिन्यात आमच्या एका मोठ्या सी.एन.सी. यंत्राने आम्हाला बेजार केले. सकाळी ते व्यवस्थित चाले आणि दुपारी दोननंतर त्याची स्पिंडल ड्राइव्ह बंद पडे. आमचे तीन अभियंते दोन दिवस त्याच्यामागे होते. नवी ड्राइव्ह मागवावी, असे ठरत आले होते. शेवटचा उपाय म्हणून अंबडच्या एका लहान दुरुस्ती कारखान्यातून माणूस बोलावला. एक शांत गृहस्थ आला. त्याने आल्यावर काहीही उघडले नाही. पॅनेलच्या दारावर हात ठेवून तो थोडा वेळ उभा राहिला. मग कागदाचा एक कपटा पंख्याच्या जाळीजवळ धरला. कपटा बाहेर उडायला हवा होता, तो जाळीला चिकटला. मागच्या देखभालीच्या वेळी पंखा उलटा बसवला गेला होता. आतली गरम हवा बाहेर फेकण्याऐवजी तो बाहेरची हवा आत ढकलू पाहत होता, आणि दुपारच्या उन्हात ड्राइव्ह तापून बंद पडत होती. त्याने पंखा सुलटा केला, तेलकट धुळीने बुजलेली गाळणी साफ केली, आणि यंत्र चालू झाले.

चहा घेताना मी त्याच्याकडे नीट पाहिले आणि विचारले, “आपण यापूर्वी कधी भेटलो आहोत का?” तो म्हणाला, “हो साहेब. मी तुमच्याकडे मुलाखतीला आलो होतो.” मला काही आठवेना. मी म्हणालो, “मग त्या वेळी काय झाले?” तो हसला. त्या हसण्यात राग नव्हता. तो म्हणाला, “साहेब, तुम्ही घड्याळाकडे पाहत होता.”

मित्रहो, त्या दिवशी मी कार्यालयात जाऊन जुनी फाइल शोधली. माझ्याच अक्षरातला तो शेरा वाचला. तो हवेत हात फिरवून मला काय दाखवत होता, हे तेव्हा माझ्या लक्षात आले. स्टेटरमध्ये फिरणारे चुंबकीय क्षेत्र आणि त्याच्या किंचित मागे राहणारा रोटर, हेच तो दाखवत होता. स्लिप म्हणजे तेच. व्याख्या त्याच्या हातात होती, ओठांवर नव्हती, आणि मला फक्त ओठांवरची ऐकायची सवय होती. माझ्या त्या एका ओळीमुळे त्या कुटुंबाची किती वर्षे ओढाताणीत गेली असतील, हे मी त्याला कधी विचारू शकलो नाही. विचारण्याचे धैर्य झाले नाही.

त्यानंतर मी आमच्या व्यवस्थापनाकडे आग्रह धरून मुलाखतीची पद्धत बदलून घेतली. नवे फार काही केले नाही. प्रत्येक उमेदवाराला तेच पाच प्रश्न त्याच क्रमाने विचारायचे. उत्तर मराठीत, हिंदीत किंवा इंग्रजीत, जसे जमेल तसे घ्यायचे. टेबलावर एक बिघडलेला स्टार्टर आणि त्याचा नकाशा ठेवायचा आणि दोष शोधायला अर्धा तास द्यायचा. मुलाखत घेणाऱ्या तिघांनी आपापसांत बोलण्यापूर्वी आपापले गुण कागदावर लिहायचे. ‘आत्मविश्वास’ हा रकाना मी कोष्टकातून काढून टाकला. मनगटावरचे घड्याळ खिशात ठेवण्याचा नियम मी स्वतःपुरता केला.

पुढे वाचनात आले की, या विषयाचा अभ्यासकांनी बराच खोलवर विचार केला आहे. फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी ८५ वर्षांच्या संशोधनाचा आढावा १९९८ साली प्रसिद्ध केला. सर्वांना सारखेच प्रश्न विचारून ठरावीक निकषांवर गुण देणारी मुलाखत ही मनाला येईल तशा गप्पांच्या मुलाखतीपेक्षा अधिक भरवशाची असते, आणि प्रत्यक्ष कामाचा नमुना करून घेणेही उपयुक्त ठरते, असे त्यांना आढळले. २०२२ साली पॉल सॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या आकड्यांची फेरतपासणी केली. बहुतेक पद्धतींचे महत्त्व पूर्वी वाटत होते त्याहून कमी निघाले, पण नियोजित मुलाखत यादीत सर्वांत वर राहिली. गुगल कंपनीत एके काळी उमेदवारांना चमत्कारिक कोडी घालण्याची पद्धत होती. ती कोडी वेळेचा निव्वळ अपव्यय होती, असे त्या कंपनीचे मनुष्यबळ प्रमुख लास्लो बॉक यांनी २०१३ साली जाहीरपणे मान्य केले. एवढ्या मोठ्या कंपनीला जे उमगायला इतका काळ लागला, ते मला पेठच्या त्या गृहस्थाने एका वाक्यात शिकवले होते.

आता विद्यार्थ्यांसाठी थोडे. मुलाखत ही अचूक तराजू नाही, हे ऐकून तयारी सोडून देऊ नका. उजवीकडची खोली मिळेल की डावीकडची, हे तुमच्या हाती नाही. पण दोन्ही खोल्यांसाठी सज्ज राहणे तुमच्या हाती आहे. माझी चार सांगणी आहेत.

पहिली, आपण स्वतःच्या हाताने केलेले एक काम, मग ते कितीही लहान असो, तीन मिनिटांत सांगता आले पाहिजे. काय अडचण होती, काय केले, काय चुकले, शेवटी काय झाले. कोणी विचारले नाही, तर नम्रपणे म्हणा, “सर, मी केलेल्या एका कामाविषयी सांगू का?” आपल्या त्या मुलाने एवढे म्हटले असते, तर कदाचित चित्र बदलले असते. दुसरी, शिक्षणातील खंड, नापास झालेला विषय, घरची परिस्थिती, यांविषयी दोन सरळ वाक्ये आधीच तयार ठेवा. वडिलांची सेवा करण्यात गेलेले वर्ष हा लपवण्याचा डाग नव्हे. तिसरी, व्याख्या आठवली नाही तर कागद मागा आणि आकृती काढा. अभियंत्याची भाषा रेघांची आहे. चौथी, येत नसेल तेथे येत नाही म्हणा. खोटे उत्तर अनुभवी माणसाला लगेच कळते, आणि त्यानंतर तुमच्या खऱ्या उत्तरांवरही तो विश्वास ठेवत नाही.

आजकाल पहिली चाळणी संगणकावरील परीक्षेने होते, पुष्कळदा मुलाखतही कॅमेऱ्यासमोर होते, आणि अर्ज लिहून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनेही आली आहेत. साधने वापरा. मात्र अर्जात असे एकही वाक्य ठेवू नका, ज्यावर प्रश्न आला तर तुम्ही पाच मिनिटे बोलू शकणार नाही.

या सभागृहात उद्योजक आणि व्यापारी बंधू मोठ्या संख्येने आहेत. त्यांना माझी हात जोडून विनंती आहे. १९६४ साली ओझरला मिग विमानांचा कारखाना आला, सातपूर-अंबडला उद्योग उभे राहिले, आणि या जिल्ह्यातील कितीतरी घरांत पहिला पगार आला. तो पगार कोणाच्या तरी मुलाखतीतून आला. आपल्या कारखान्यात, दुकानात, पेढीवर आपणही मुलाखती घेता. सर्वांना सारखे प्रश्न विचारा. बाहेरगावाहून येणाऱ्या मुलाला बसभाडे द्या. एका पोस्टकार्डावर टेल्कोने ते १९७४ साली दिले होते. आणि नकार असेल तर आठवड्याच्या आत कळवा. निकालाची वाट पाहत फोन हातात धरून बसलेले घर किती थकते, हे या वसतिगृहाच्या गृहपालांना विचारा.

न्यासालाही एक सूचना करतो. शिष्यवृत्ती, पुस्तके, भोजन यांची व्यवस्था आपण अर्धशतक उत्तम सांभाळली. आता दर महिन्याच्या एका रविवारी सराव-मुलाखती ठेवाव्यात. त्यांत विद्यार्थ्याला एकदा उमेदवार म्हणून बसवावे आणि एकदा मुलाखत घेणारा म्हणून. टेबलाच्या दोन्ही बाजू ज्याने पाहिल्या, तो नकाराने खचत नाही आणि उद्या अधिकार हाती आला की उन्मत्तही होत नाही.

शेवटी, त्या दुसऱ्या मुलाचे पुढे काय झाले, हे आपल्याला जाणून घ्यावेसे वाटत असेल. काही अद्भुत घडले नाही. पाच महिने तो घरी होता. आणखी तीन ठिकाणी त्याला नकार मिळाला. मग अंबडमधील नियंत्रण पॅनेल बनवणाऱ्या एका लहान कारखान्यात तो लागला. पगार त्याच्या मित्राच्या निम्मा होता. आज तो तेथे आरेखन विभाग सांभाळतो, वडिलांची औषधे आणि बहिणीचे शिक्षण दोन्ही पाहतो. निफाडचा त्याचा मित्र पुण्यात आहे. दोघांची मैत्री टिकून आहे, याचे मला सर्वांत अधिक समाधान वाटते. कारण त्या रात्री त्या खोलीत ती तुटणे सहज शक्य होते.

मागच्या दिवाळीत तो वसतिगृहात आला होता. नव्या मुलांच्या सराव-मुलाखती घेण्याची इच्छा त्याने बोलून दाखवली. त्याच्या हातात एक पिशवी होती. मी विचारले, “यात काय?” त्याने पिशवीतून एक जुना, बिघडलेला स्टार्टर काढून टेबलावर ठेवला.